रामाचा फॉर्म, ओडिसियसचा फॉर्म

घरात कुणाचाही फॉर्म भरायचा असला की तो माझ्याकडे येतो. चार वर्षं इंजिनिअरिंग करून मिळालेलं हे खरं पद. पॅन, पासपोर्ट, आधारवरचा पत्ता, सगळं करून झालंय. गेल्या वर्षी मावशीचा डीएस-११७ आला आणि पहिल्यांदाच वाटलं, की हा फॉर्म भरण्याआधी नीट वाचायला हवा. कथा वाचतो तसा.

मावशीकडे मुलामुळे मिळालेलं ग्रीन कार्ड होतं. ती न्यू जर्सीत एडिसनला नातवाला सांभाळत होती, तेव्हा इकडे साताऱ्यात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. मिळेल त्या विमानाने ती आली. अकरा महिने तिने काकांचं सगळं केलं. ते गेले. त्यानंतर ती आणखी चौदा महिने राहिली.

नियम असा आहे: ग्रीन कार्डवाला माणूस सलग एक वर्ष किंवा त्याहून जास्त अमेरिकेबाहेर राहिला, तर परतायला नुसतं कार्ड पुरत नाही. निघण्याआधी रीएंट्री परमिटचा अर्ज केला असेल तर साधारण दोन वर्षांची सोय होते. पण नवरा आयसीयूत असताना परमिट कुणाला सुचतं? मग उरतो एसबी-१, म्हणजे परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा. त्याची पहिली पायरी डीएस-११७, फी १८० डॉलर.

या फॉर्मला तीन गोष्टी पटवाव्या लागतात. निघालात तेव्हा तुम्ही कायमचे रहिवासी होतात. निघताना परतायचा इरादा होता आणि तो तुम्ही कधीच सोडला नाही. आणि मुक्काम लांबला तो तुमच्या हाताबाहेरच्या कारणांमुळे, त्यात तुमचा दोष नव्हता.

तिसरी अट परत वाचा. हा कथेचा साचा आहे. नायकाने जायचं, अडकायचं, परतायचं, पण मध्ये स्वतःहून काही ठरवायचं नाही. परदेशातल्या त्याच्या प्रत्येक दिवसाचा कर्ता दुसरा कुणीतरी हवा.

या साच्यात चपखल बसणारा आपल्या माहितीतला अर्जदार म्हणजे राम. वनवास त्याने मागितलेला नाही. मुदत ठरलेली, चौदा वर्षं. इरादा पहिल्या दिवसापासून स्पष्ट. शिवाय गादीवर पादुका, म्हणजे जागा सोडलेली नाही याचा पुरावा, तोही भरताने रोज सांभाळलेला. रामाचा डीएस-११७ पाच मिनिटांत मंजूर होईल.

आता ओडिसियसचा भरून बघू. एकूण गैरहजेरी वीस वर्षं. त्यातली दहा ट्रॉयच्या युद्धात. कॅलिप्सोने सात वर्षं अडकवून ठेवलं, तेही चालून जाईल. पण सर्सीच्या बेटावरच्या त्या एका वर्षाचं काय? तिथे तो मजेत राहिला. घरी जायचंय याची आठवण खलाशांनी करून द्यावी लागली. ते वर्ष कुठल्या रकान्यात लिहायचं? इथाकाच्या किनाऱ्यावर पोचल्यावरही त्याला समोर वेष पालटलेली अथेना भेटते, तर तो स्वतःबद्दल धडधडीत खोटी हकीकत सांगतो. ती चिडत नाही, हसते. व्हिसाच्या खिडकीपलीकडे अथेना बसलेली नसते.

तरी होमरला त्या वर्षाची अडचण होत नाही. सर्सीकडे रमलेला आणि इथाकासाठी रडणारा माणूस एकच आहे, हे त्याला मान्य आहे. फॉर्मला ते मान्य नाही. त्याच्यासाठी इरादा म्हणजे बूलियन: ट्रू किंवा फॉल्स, आणि एकदा फॉल्स झाला की संपलं.

फॉर्मची बाजूही मांडायला हवी. रहिवासी म्हणायचं तर कुठेतरी राहायला हवं, ही अपेक्षा चुकीची नाही. आणि इरादा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फॉर्म वस्तूंबद्दल विचारतो: टॅक्स भरलात का, घर आहे का, कुटुंब कुठे आहे. हा भाग मला आवडला. पेनेलोपीही तेच करते. ती नवऱ्याला प्रेम आहे का असं विचारत नाही, त्याच्यासमोर दासीला पलंग बाहेर काढायला सांगते. त्या पलंगाचा एक खूर म्हणजे जमिनीत रुजलेलं ऑलिव्हचं झाड, तो हलूच शकत नाही, हे फक्त खऱ्या नवऱ्याला माहीत असतं. वस्तूंबद्दल विचारतो तोवर फॉर्म शहाणा आहे. मनाबद्दल विचारायला लागला की तो माणसाला खोटं लिहायला शिकवतो.

कारण मी तेच केलं. चौदा महिन्यांच्या जागी मी दुःख, मालमत्तेची कागदपत्रं, वारसनोंदी असं सगळं लिहिलं. एकही वाक्य खोटं नव्हतं. मावशीला मराठीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अरे, ही बाई कोण? ही चौदा महिने नुसती रडत बसलीये. मी नाही बसले."

खरंच नव्हती बसली. तिने अंगण नीट करून घेतलं होतं, भजनी मंडळात जायला लागली होती. किती वाजता जेवायचं हे आयुष्यात पहिल्यांदा एकटीने ठरवत होती. आणि त्याच काळात ती नातवासाठी स्वेटर विणत होती, दर महिन्याला फोनवर त्याच्या खांद्याचं माप विचारून. तिच्या साड्या आणि जादाचा चष्मा एडिसनच्या कपाटातच होता.

तिने एक वाक्य घालायला लावलं: नंतरचे महिने मी राहिले, कारण मला राहावंसं वाटलं, पण परत जायचं नाही असं एकही दिवस वाटलं नाही.

हे वाक्य तिसऱ्या अटीच्या विरोधात जातं, हे मी तिला सांगितलं. "जाऊ दे की," ती म्हणाली. मी ते इंग्रजीत केलं. अर्ज नामंजूर झाला. नियमाला धरून बघितलं तर बरोबरच झालं.

आता तिच्यासाठी टुरिस्ट व्हिसाचा अर्ज भरतोय. त्यात उलटं पटवायचं असतं: तुमची मुळं भारतात आहेत आणि तुम्ही नक्की परत याल. म्हणजे ज्या चौदा महिन्यांनी एक अर्ज बुडवला, तेच इथे कामाला येणार. पुरावे काय द्यायचे म्हणून मी यादी करायला बसलो. साताऱ्याचं घर, बँकेचं पासबुक, पेन्शन.

"भजनी मंडळ लिही," मावशी म्हणाली. स्वेटरची बाही विणून होत आली होती.