काथ्या घातला म्हणून प्लॅस्टिक विघटनशील होते का?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रकल्प हल्ली वारंवार आढळतो. नारळाचा काथ्या, घायपाताचा वाख किंवा केळीच्या खुंटाचे धागे प्लॅस्टिकमध्ये मिसळून केलेली फरशी वा कुंडी टेबलावर मांडलेली असते. मागच्या तक्त्यावर तीन दावे असतात : नैसर्गिक, पोलादासारखे मजबूत, पूर्णपणे विघटनशील. कल्पना चांगली असते आणि मुलांची मेहनतही खरी असते. पण यातला पहिला दावा अर्धाच खरा, दुसरा अतिशयोक्त आणि तिसरा बहुधा चुकीचा असतो. 'पर्यावरण' हा शब्द दिसला की आपण शिक्षक मंडळीही फार प्रश्न विचारत नाही. म्हणून हे दावे एकेक करून तपासू.

मूळ तत्त्व पुण्याला नवे नाही. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींत भुसा किंवा काड तुडवून घालत. गणेशमूर्तींच्या कारखान्यात आजही साच्यात प्लॅस्टर ओतताना आत काथ्याचा थर देतात. प्लॅस्टर दाब सोसते, ताण सोसत नाही. तडा सुरू झाला की थेट पलीकडे जातो. वाटेत काथ्या आला तर तो तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतो. मूर्तीला चीर पडते, पण तुकडा सुटत नाही. अशा जोडीला संमिश्र म्हणतात. धागा ताण घेतो, भोवतालचे आधारद्रव्य धाग्यांना एकत्र ठेवते आणि भार एका धाग्याकडून दुसऱ्याकडे पोचवते.

प्लॅस्टिकमध्ये हे काम मुख्यतः काचेचे धागे करतात. वनस्पतींचे धागे त्यांच्याहून हलके असतात. काचेच्या एका घनसेंटिमीटरचे वजन सुमारे २.५ ग्रॅम भरते, तर सेल्युलोजच्या धाग्यांचे १.३ ते १.५ ग्रॅम. शिवाय ते यंत्रांचे साचे झिजवत नाहीत. म्हणूनच १९९० च्या दशकापासून जर्मन मोटारींच्या दारांच्या आतल्या बाजूस जवसाच्या खोडासारखे धागे वापरले जाऊ लागले. तेव्हा ही कल्पना पोकळ नाही. पोकळ आहेत ते तक्त्यावरचे दावे.

आता मजबुती. पोलादाचा ताठरपणा १०० धरला, तर काचेच्या धाग्याचा सुमारे ३५, घायपाताचा साधारण ५ ते १० आणि काथ्याचा अवघा २ ते ३ येतो. असे का? वनस्पतीच्या धाग्यात सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात. ज्यूटमध्ये ते जवळजवळ सरळ, तर काथ्यात चांगले तिरके असतात. त्यामुळे काथ्या स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि धक्का चांगला पचवतो, पण तुळईचे काम त्याला जमणार नाही. 'नैसर्गिक धागा' हा एकच एक पदार्थ नव्हे, हे या प्रकल्पातून मुलांना कळायला हवे. नेमके तेच तक्त्यावर नसते.

दुसरी अडचण धागा आणि प्लॅस्टिक यांच्या सीमेवर येते. सेल्युलोजला पाण्याची ओढ, तर पॉलिप्रॉपिलीनला पाण्याचे वावडे. दोघे नीट चिकटत नाहीत. मधल्या फटीत पाणी शिरते, धागा फुगतो आणि फट वाढते. म्हणून कारखान्यात दोघांनाही धरणारे तिसरे रसायन, उदाहरणार्थ मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन, थोडे मिसळावे लागते. उष्णतेचेही बंधन आहे. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे सेल्युलोज करपू लागते. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ते चालते. पाण्याच्या बाटल्यांचे पीईटी मात्र सुमारे २५० अंशांना वितळते. 'जुन्या बाटल्या वितळवून त्यात वाख मिसळला' असे तक्त्यावर लिहिले असेल, तर वाख करपला कसा नाही, हे विचारायलाच हवे.

तिसरा दावा सर्वांत घातक. धागा कुजतो, पॉलिप्रॉपिलीन कुजत नाही. काथ्या आहे म्हणून प्लॅस्टरची मूर्ती मुठेत विरघळत नाही; मग प्लॅस्टिकची कुंडी मातीत कशी विरघळेल? पूर्व जर्मनीतील ट्राबांट मोटारीचा दाखला बोलका आहे. १९५७ ते १९९१ या काळात अशा ३० लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांच्या बाहेरच्या पत्र्याच्या जागी फिनॉल रेझिनमध्ये सुताच्या टाकाऊ तंतूंचे थर होते. हे पटल गंजत नसे. पण ते वितळतही नसे आणि कुजतही नसे. गाड्या मोडीत निघाल्यावर त्याचे काय करायचे, हा मोठा प्रश्न झाला. कापूस नैसर्गिक होता, त्याने काही फरक पडला नाही.

विघटन हवे असेल तर आधारद्रव्यच बदलावे लागते. पुण्याच्या प्राज कंपनीने २०२४ साली जेजुरीला पॉलिलॅक्टिक आम्लाचे प्रात्यक्षिक संयंत्र सुरू केले, ते याच दिशेचे पाऊल आहे. मात्र हे प्लॅस्टिकही नीट कुजण्यासाठी सुमारे ६० अंश तापमानाचे कंपोस्ट लागते. परसातल्या खड्ड्यात ते दीर्घकाळ तसेच राहते.

मग हा प्रकल्प करू नये का? जरूर करावा, पण मोजमापासह. शाळेत प्लॅस्टिक वितळवण्याची गरज नाही, प्लॅस्टर पुरते. एकाच मापाच्या तीन पट्ट्या ओता : एक साधी, एक काथ्या घातलेली आणि एक तेलात बुडवून निथळलेला काथ्या घातलेली. वाळल्यावर प्रत्येक पट्टी दोन विटांवर आडवी ठेवून मध्ये डबा टांगा आणि त्यात थोडी थोडी वाळू भरत जा. तडा कधी गेला, तुकडे सुटले का, धागा तुटला की नुसता ओढला जाऊन बाहेर आला, हे मुलांनी नोंदवावे. वाखाची एक जुडी कोरडी असताना आणि दिवसभर पाण्यात ठेवल्यावर तोलावी. तक्त्यावर विशेषणांऐवजी हे आकडे येऊ द्यावेत. आणि परीक्षकांनी एवढेच विचारावे : "बाळ, ही कुंडी फुटल्यावर तिचे काय होणार?"