लोणारचा असुर आणि पर्यटनाची भाषा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी गेल्या काही दशकांत जे पर्यटनपर लेखन झाले, त्यात एक ठराविक क्रम आढळतो. प्रथम उल्का येते, मागाहून लवणासुर येतो आणि शेवटी ‘रहस्य’ हा शब्द येतो. या तिहींची सांगड घालून असे सुचविले जाते की, आकाशातून कोसळलेल्या पाषाणाची पुसट स्मृती पूर्वजांनी असुरवधाच्या रूपाने जतन केली. स्थलनामाची व्युत्पत्तीही त्याच ओघात उरकली जाते : लोणासुरावरून लोणार. हे प्रतिपादन आकर्षक खरे. परंतु कथेच्या आणि शब्दाच्या कसोटीवर ते टिकत नाही.

प्रथम कथा पाहू. १९१० च्या बुलढाणा गॅझेटियरात ती नोंदलेली आहे. असुर भूमिगत विवरात राहून लोकांस पीडा देत असे. विष्णूने दैत्यसूदन नामक सुंदर तरुणाचे रूप घेतले, असुराच्या दोन बहिणींकडून त्याचा ठावठिकाणा मिळविला, विवरावरील झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले आणि झोपलेल्या असुराला गाठून युद्धात त्याचा वध केला. त्याचे विवर तेच सरोवर. त्याचे रक्त ते पाणी. कुजलेले मांस ते क्षार. आणि उडालेले झाकण ती दूरवरची एक शंक्वाकार टेकडी. लोणार गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर याच कथेचे पूजास्थान होय.

या कथानकात आकाशातून काहीही पडत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. येथे क्रिया नेमकी उलट दिशेची आहे : झाकण निघते आणि पोकळी उघडी पडते. गोल खळगा आणि तत्सदृश टेकडी यांचे निरीक्षण कथाकाराने केले होते, हे निःसंशय. पण त्या निरीक्षणावर त्याने रचलेली उपपत्ती आघाताची नसून उद्घाटनाची आहे. उल्केची स्मृती या कथेत शोधणारा वाचक कथेतील मुख्य क्रियापदच बदलून घेतो.

आता शब्द. संस्कृत ‘लवण’ याचे प्राकृतात ‘लोण’ होते, हे वररुचीने ‘प्राकृतप्रकाशा’त सांगून ठेविले आहे. मराठीत त्याची संतती विपुल आहे : लोणचे, अलोणी, लोणारी. ‘लोणार’ मधील अन्त्य ‘आर’ चा उलगडाही कठीण नाही. कुंभकारापासून कुंभार, लोहकारापासून लोहार, त्याप्रमाणे लवणकारापासून लोणार. अथवा भांडागारापासून भांडार, त्याप्रमाणे लवणागारापासून लोणार. ‘लवणाकर’ म्हणजे मिठाची खाण हाही पर्याय संभवतो. यांपैकी कोणताही स्वीकारला तरी अर्थ मिठापाशीच येऊन थांबतो. उलटपक्षी ‘लोणासुर’ पासून ‘लोणार’ साधावयाचे तर मधला ‘सु’ गाळावा लागेल. स्वरमध्यस्थ सकाराचा असा लोप मराठीत नियमाने होत नाही. ‘श्वशुर’ याचे ‘सासरा’ होताना दोन्ही ऊष्मवर्ण सकाररूपाने टिकून राहिले आहेत. तेव्हा असुराने गावाला नाव दिले नसून गावाच्या नावाने असुराला बोलावून आणले, असे मानणे अधिक युक्त ठरते. त्याला फार दूर जावे लागले नाही. रामायणाच्या उत्तरकांडात शत्रुघ्नाने वधलेला मधुपुत्र लवण सर्वांच्या परिचयाचा होताच. तेथे तो मधुवनातला आणि वध करणारा शत्रुघ्न. येथे तो विवरातला आणि वध करणारा विष्णू. दोहोंत समान आहे ते केवळ नाव, आणि ते नाव मिठाचे आहे.

कालाचा विचार केला तरी निष्कर्ष हाच निघतो. विवर आघातजन्य असल्याचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये पुढे आला. तोपर्यंत त्याला ज्वालामुखीजन्य मानणारे अनेक होते. आघाताचा काल एका मापनाने सुमारे ५२,००० वर्षांपूर्वीचा, तर २०११ च्या मापनाने सुमारे ५,७०,००० वर्षांपूर्वीचा ठरतो. ‘लवण’ व ‘दैत्यसूदन’ ही नामे ज्या भाषाकुलातील आहेत, त्याची पुनर्रचना काही सहस्र वर्षांपलीकडे जात नाही. या दोन कालमानांमधील अंतर ‘लोकस्मृती’ या एका शब्दाने भरून काढता येत नाही.

मग ‘रहस्य’ आले कोठून? त्याचा नमुना परदेशातील आहे. स्कॉटलंडमधील नेस सरोवराच्या काठाने नवा रस्ता झाला आणि १९३३ च्या मे महिन्यात इन्व्हरनेसच्या वृत्तपत्राने तेथील अजस्र प्राण्याची वार्ता छापली. १९३४ मधील त्याचे सुप्रसिद्ध छायाचित्र बनावट असल्याचे १९९४ मध्ये उघड झाले. २०१८ मध्ये पाण्यातील जनुकद्रव्याचे नमुने घेण्यात आले. त्यांत सरीसृप आढळला नाही, ईल माशांचे अंश मात्र मुबलक आढळले. तरीही प्रवाशांचा ओघ थांबला नाही. कारण तेथील प्राणी कथेत मरत नाही. तो दिसण्याची शक्यता हेच तेथील पण्य आहे. लोणारचा असुर मात्र कथेतच मारला गेला आहे. त्याला पाहण्यासाठी कोणी काठावर बसत नाही. नेसची कथा प्रश्न उघडा ठेवते, लोणारची कथा उत्तर देऊन मिटते. पाणी खारे का, याचे ते उत्तर आहे. त्याला ‘रहस्य’ म्हणणे म्हणजे उत्तराला प्रश्न म्हणणे होय.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. उल्केच्या झगमगाटात जे लोपले ते मीठ होय. ‘ऐन-इ-अकबरी’त लोणारचा उल्लेख येतो तो तीर्थ म्हणून, तसाच काच व साबण यांच्या द्रव्यांचे उत्पत्तिस्थान म्हणूनही. क्षार काढणाऱ्या लोकांनी त्याच्या प्रकारांना दल्ला, पापडी, भुस्की अशी वेगळाली नावे दिली होती. पर्यटकाला आज यांतील एकही शब्द सांगितला जात नाही. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण लवणप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवर रामसर स्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. ज्या वैशिष्ट्यामुळे त्याचे जीवसृष्टीत स्वतंत्र स्थान आहे, ते म्हणजे पाण्याची क्षारता. सांडपाणी व गोडे पाणी आत येत राहिले तर विवर तसेच राहील, उल्केची गोष्टही तशीच राहील. परंतु लोणार हे नाव ज्यावरून पडले, ती वस्तू नाहीशी होईल.

लोककथेचा आदर करण्याचा मार्ग तिच्यावर आधुनिक विज्ञान आरोपिणे हा नव्हे. पाण्याला रक्त व क्षारांना मांस म्हणणाऱ्या कथाकाराने सरोवराची चव घेतली होती. त्याची उपपत्ती चुकीची असेल, पण त्याचे निरीक्षण अचूक होते. विवराच्या काठावरील माहितीफलकावर उल्केच्या शेजारी मिठाला दोन ओळी मिळाल्या, तर कथा, शब्द आणि सरोवर या तिहींनाही न्याय मिळेल.