जॅझ पियानोचा डावा हात

पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो, सूर उजव्या हातातून निघतात. ही सवय घेऊन आपण जॅझ पियानो ऐकायला बसलो की कान उजव्या हातामागे धावतात. माझेही कित्येक वर्षं धावले. पण या वादनाचा इतिहास घडला तो डाव्या हातात.

स्कॉट जॉप्लिनच्या १८९९च्या ‘मेपल लीफ रॅग’मध्ये हा हात कवायतीसारखा नेटका चालतो: खाली खर्जातला सूर, वर स्वरांचा पुंजका. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेम्स पी. जॉन्सन आणि त्याच्या सोबत्यांनी या चालीच्या ढांगा केल्या. शैलीचं ‘स्ट्राइड’ हे नावही त्यावरूनच पडलं. भाडं थकलं की घरी पार्टी ठेवायची आणि पाहुण्यांच्या पैशांतून ते भागवायचं, अशी तिथली रीत होती. ड्रम नाही, बास नाही; लोकांना नाचवायचं ते एकट्या पियानोनं. म्हणजे डावा हात हाच अख्खा ताफा! १९२१च्या ‘कॅरोलायना शाउट’मध्ये तो मध्येच ठरलेला क्रम मोडतो, वजन भलत्याच मात्रेवर टाकतो, तरी लय तसूभर हलत नाही. तरुण ड्यूक एलिंग्टननं ही रचना आपोआप वाजणाऱ्या पियानोवर तिचा पियानोरोल सावकाश फिरवून, दबणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवत गिरवली होती.

जॅझ पियानो आपल्याकडेही पोहोचला होता. शिकागोत पियानोवादक अर्ल हाइन्सच्या बरोबरीनं नाव घेतलं जाई ते टेडी वेदरफोर्डचं. तो १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता, गोव्याचे वादक त्याच्या ताफ्यात होते, आणि १९४५ साली तो कलकत्त्यात वारला. मुंबईच्या जॅझविषयी बोलताना आपण ट्रम्पेटवाल्यांत रमतो आणि त्याला विसरतो, याची मला खंत वाटते.

पुढे ताल बास आणि ड्रमनी सांभाळला आणि डावा हात मोकळा झाला. बड पॉवेलनं तो दोन-तीन सुरांच्या तुटक ठोक्यांवर आणला. बिल इव्हान्सनं तर पुंजक्यातला मूळ स्वरच काढून टाकला. २५ जून १९६१ला ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या वादनात स्कॉट लाफारोचा बासही तो स्वर धरून बसत नाही, पियानोशी बोलत राहतो. आधारस्वर ऐकणाऱ्यानं मनात लावायचा. लाफारो अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. इतकं हळवं, इतकं विश्वासाचं सहवादन मी दुसरं ऐकलेलं नाही.

पण इव्हान्सचा हा शोध आता अभ्यासक्रमातला धडा झाला आहे. संगीतशाळांतून आलेल्या अनेकांचा डावा हात तेच चार सुरांचे पुंजके ठेवतो. बास-ड्रम बाजूला केले की वादन पोकळ वाटू लागतं. पियानोवादक जेसन मोरान याला अपवाद आहे. तो जाकी बायर्डचा शिष्य, आणि बायर्डला स्ट्राइडपासून मुक्त जॅझपर्यंत सगळं एकाच बैठकीत वाजवता येई. मोराननं २००२च्या ‘मॉडर्निस्टिक’ या एकल अल्बमची सुरुवात जॉन्सनच्याच रचनेनं केली. त्यात स्ट्राइडची चाल मध्येच अडखळते, एका जागी घुटमळते, मग पुन्हा ढांगा टाकू लागते, आणि खोलीत दुसरं एकही वाद्य नसतं.