काचेचा खरेपणा

रोमन लोकांच्या काचेच्या मण्यांचें व अंगठ्यांच्या खड्यांचें कौतुक आज पदार्थसंग्रहालयांत पुष्कळ होतें. पण तें बहुधा भलत्याच कारणासाठीं होतें. प्राचीन काळीं त्यांची जी निंदा झाली, तीहि भलत्याच कारणासाठीं. कलावस्तूला परक्या मापानें मोजलें म्हणजे काय होतें, याचा हा चांगला दाखला आहे.

निंदकांत अग्रणी थोरला प्लिनी. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या उद्रेकांत मृत्यु पावलेल्या या पंडितानें आपल्या सृष्टिविषयक ग्रंथाच्या ३७ व्या व शेवटच्या भागांत रत्नांची चर्चा केली आहे. कृत्रिम रत्नें करण्याइतकी किफायतशीर लबाडी दुसरी नाहीं, असा त्याचा अभिप्राय. काच रत्न म्हणून विकणें ही लबाडी खरीच. पण तो दोष विकणाराचा, काचेचा नव्हे. काळसर काचेवर निळसर थर चढवून सुलेमानी दगडाचा भास उत्पन्न करीत. तापून मऊ झालेली काच साच्यांत दाबून तींत देवतेची आकृति उठवीत. एका साच्यांतून अनेक खडे निघत. कोरीव रत्न ज्याला परवडत नव्हतें, त्याच्याहि बोटांत मुद्रा आली. हें थोडें नव्हे.

शिवाय सगळेंच काम अनुकरणाचें नव्हतें. रंगीत काचेच्या कांड्या जुळवून एकजीव करीत, ती जुडी तापवून लांब ओढीत आणि मग तिचे काप काढीत. प्रत्येक कापांत तोच चिमुकला मानवी चेहरा! असे मणी कोणत्याहि रत्नापासून होणें शक्य नाहीं. येथें काच रत्नाची उसनवारी करीत नाहीं. ती स्वतःच्या गुणानें शोभते.

आतां स्तुतिपाठकांकडे वळूं. त्यांना मोह पडतो तो या काचेवरील मोरपिशी झळाळीचा. पण ती कारागिरानें केलेलीच नाहीं. शतकानुशतकें ओलसर मातींत पडून राहिल्यानें काचेंतील क्षार निघून जातात, पृष्ठभागावर अतिसूक्ष्म पापुद्रे बनतात व त्यांवर प्रकाश पडून ते रंग दिसतात. म्हणजे ती काचेची झीज आहे. तिच्याबद्दल कारागिराला शाबासकी देणें म्हणजे पोथीला लागलेल्या कसरीबद्दल कवीची वाहवा करण्यासारखें आहे. ती झळाळी सुंदर आहे, हें कोण नाकारील? पण तिचें श्रेय मातीचें.

तेव्हां असा एखादा मणी पाहतांना रत्नाची किंमत व मातीची करणी हीं दोन्ही क्षणभर बाजूस ठेवावींत. रंगांची निवड, थरांचा मेळ, आकाराची घडण, भोंकाची सफाई एवढेंच पाहावें. कारागिराच्या हातचें तें एवढेंच, आणि त्याचा न्याय करावयाचा तोहि एवढ्यावरूनच.