हुकमाच्या कागदाची भाषा

ओरेगनमधील सम्प्टर व्हॅली ही मुख्यतः लाकूडवाहू रेल्वे. तीन फुटी रूळ, एकेरी मार्ग. १८९० साली बांधणीला आरंभ, १९१० मध्ये प्रेअरी सिटीपर्यंत मजल, १९४७ मध्ये अखेर. अशा रेल्वेच्या परिचालन-नोंदी बहुधा गाड्यांच्या वेळा पडताळण्यापुरत्या वाचल्या जातात. मला हे वाचन अपुरे वाटते.

अमेरिकी पद्धतीत एकेरी मार्गावर कोणती गाडी कुठे थांबेल, हे नियंत्रक लेखी हुकमाने ठरवी. स्टेशनवरचा माणूस तो उतरवून घेई आणि शब्दशः परत वाचून दाखवी. ‘३१ नंबर’च्या हुकमावर सही लागे, ‘१९ नंबर’चा धावत्या गाडीवरही देता येई. या भाषेत अलंकाराला जागा नाही, कारण संदिग्ध शब्दाने दोन इंजिने समोरासमोर येतात.

पण इंजिनाला क्रमांक आणि गार्डला सही देणाऱ्या या कागदात ओंडके चढवणारा मजूर येत नाही. म्हणून नोंदी विश्वसनीय मानाव्यात, संपूर्ण नव्हे. त्या जंगलाचा इतिहास लिहिताना मजुरीच्या वह्या शेजारी ठेवूनच त्या वाचाव्या लागतील.