वास्तू आणि वस्ती

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे जाहीर दर्शन दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यात होते. २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत चाललेल्या दर्शनाला आम्हीही खानदेशातील काही कुटुंबांसमवेत गेलो होतो. दर्शनाची रांग संपली, बायामाणसे सावलीला टेकली, मुलांना भूक लागली. आणि आम्ही तीन-चार जणांना घेऊन पलीकडची पवित्र टेकडी चढलो. तेथे सांता मोनिकाचा मठ आहे आणि त्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. त्या संग्रहालयाविषयी येथे लिहायचे आहे. परीक्षण म्हणून लिहीत असलो, तरी आमच्या लेखणीला एका जुन्या अपराधाचे ओझे आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

या टेकडीवर दोन वास्तू शेजारी शेजारी उभ्या आहेत. खरे म्हणजे एक उभी आहे आणि दुसरीचा एक बुरूज तेवढा शिल्लक आहे. तो लाल जांभ्या दगडाचा बुरूज संत ऑगस्टीनच्या चर्चचा. पोर्तुगाल सरकारने १८३४ साली पुरुषांचे मठसंघ बरखास्त केले आणि पुढच्याच वर्षी येथील ऑगस्टिनियन धर्मगुरूंना मठ सोडावा लागला. सात वर्षांत, १८४२ साली, चर्चची कमान कोसळली. १९३१ साली दर्शनी भाग गेला. समोर सांता मोनिकाचा मठ मात्र तिमजली उभा आहे. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १६०६ साली त्याची स्थापना केली. बांधकाम १६२७ साली पुरे झाले. १६३६ साली आग लागली आणि लगोलग तो पुन्हा बांधला गेला. तोच दगड, तोच चुना, तोच कोकणी पाऊस. मग एक पडला आणि एक का राहिला? धर्मभगिनींना कोणी तेथून हाकलले नाही. नवीन उमेदवार घेण्याची मात्र बंदी झाली. त्या एकेक करून वृद्ध होत गेल्या, मरण पावल्या. शेवटची भगिनी १८८५ साली गेली. म्हणजे शेजारचे चर्च ओस पडल्यानंतर पन्नास वर्षे येथे कोणीतरी दिवा लावीत होते, गळके कौल पाहत होते, झाडलोट करीत होते. वसईच्या किल्ल्यातील बिनछपराचे मठ ज्यांनी पाहिले आहेत, त्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढे या मठात काही काळ सैनिक राहिले. १९६४ साली धर्मभगिनींच्या शिक्षणासाठी ‘मातेर देई’ संस्था येथे सुरू झाली. संग्रहालय आले ते बरेच नंतर. त्याचा जन्म मुळी राशोलच्या सेमिनरीत झाला आणि १९९४ साली ते लोकांसाठी उघडले. ज्या राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेच हे राशोल. मराठी ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने ते आजोळच. पण राशोल आडबाजूला. म्हणून २००२ साली संग्रह सांता मोनिकात हलविण्यात आला. लिस्बनच्या गुलबेंकियन प्रतिष्ठानचे साहाय्य आरंभापासूनच लाभले होते. त्याच साहाय्याने पुन्हा मोठे काम निघाले, संग्रहालय काही वर्षे बंद राहिले आणि मे २०२२ मध्ये नव्या स्वरूपात उघडले.

जे चांगले आहे ते मोकळ्या मनाने सांगू. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की जुन्या फरशा उखडायच्या, चकचकीत लाद्या बसवायच्या आणि भिंतीला तैलरंग फासायचा. येथे तसे झालेले नाही. जुन्या भिंतीचे जुनेपण राखले आहे. प्रकाश बेताचा आहे. हस्तिदंताचा बाळयेशू, लाकडी संतमूर्ती, चांदीची पात्रे, जरीची मिस्सावस्त्रे यांना एकमेकांपासून पुरेसे अंतर दिले आहे, त्यामुळे डोळ्यांना एकेका वस्तूपाशी थांबता येते. हस्तिदंती उत्तम मेंढपाळ पाहताना आमच्याबरोबरचे एक शिक्षक म्हणाले, ‘हा तर डोळे मिटून ध्यानाला बसलेला भारतीय योगी.’ खरेच, त्या मूर्तीत ख्रिस्त आपल्या मातीच्या इतका जवळ आलेला आहे की प्रवचनात ते सांगायला आम्हांला अर्धा तास लागला असता.

या संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे चांदीचा पेलिकन. सतराव्या शतकातील हे पात्र याच मठाच्या चर्चमधले. पवित्र साक्रामेंत जतन करायचे आणि आराधनेच्या वेळी दर्शनासाठी मांडायचे, अशी दोन्ही कामे ते करी. पेलिकन पक्षीण आपल्या चोचीने छाती फोडून पिलांना रक्त पाजते, अशी जुनी समजूत. म्हणून ख्रिस्तसभेने तिला प्रभूच्या आत्मबलिदानाचे चिन्ह मानले. आमच्या मंडळींनी त्याला निरनिराळ्या बाजूंनी न्याहाळले. वजन किती असेल, किंमत काय होईल, अशी चर्चा झाली. एकाही माणसाने गुडघा टेकला नाही. आम्हीही टेकला नाही. टेकण्याचे कारणही नव्हते. पात्र रिकामे होते.

आमचा आक्षेप येथून सुरू होतो. काचेआडच्या वस्तूला जात, शतक, धातू एवढे कळते. ती कोणत्या हातात होती हे कळत नाही. वस्तू चोरट्यांपासून आणि दमट हवेपासून वाचवायच्या तर काच हवीच, हे आम्ही जाणतो. याच संग्रहालयात जानेवारी २०१२ मध्ये दरोडा पडला आणि पहाऱ्यावरच्या सुरक्षारक्षकाचा खून झाला. ही घटना ठाऊक असलेल्या माणसाने काचेविरुद्ध सैल बोलू नये. परंतु संरक्षण निराळे आणि अर्थ सांगणे निराळे. रोमच्या सांस्कृतिक वारसाविषयक आयोगाने १५ ऑगस्ट २००१ रोजी चर्चच्या संग्रहालयांविषयी एक परिपत्रक काढले. धर्मसंग्रहालय हे मृत वस्तूंचे कोठार नव्हे, उपासनेशी आणि श्रद्धाळू समाजाशी त्याचा धागा तुटता कामा नये, असा त्याचा आशय आहे. या कसोटीवर सांता मोनिकाला आम्ही वास्तूसाठी भरघोस गुण देऊ. वस्तीसाठी मात्र हात आखडता घेऊ.

वस्ती म्हणजे प्रथम त्या बाया. बहुतांशी पोर्तुगीज घराण्यांतील मुली, त्यांच्या सेवेला दासी. शहरातील पैसा हुंड्याच्या रूपाने मठात जातो, अशी गाऱ्हाणी त्या काळी नगरसभेने थेट राजाकडे नेली होती. म्हणजे सगळे काही संतचरित्रासारखे गोड नव्हते. कोणी देवाच्या हाकेने आली असेल, कोणी बापाच्या सोयीने. १६३६ साली येथील क्रूसावरील प्रभूने डोळे उघडले, जखमांतून रक्त वाहिले, असे त्या बायांनी सांगितले. त्या ‘अश्रू ढाळणाऱ्या क्रूसा’पुढे लोक आजही मेणबत्त्या लावतात. नाताळात आपण खातो ती थरांची बेबिंका याच मठातल्या बिबियाना नावाच्या भगिनीने प्रथम केली, अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, या मठाची आठवण गोव्याच्या स्वयंपाकघरात आहे. त्या बायांविषयी जेवढे जाणून आत गेलो, त्याहून फारसे अधिक जाणून आम्ही बाहेर पडलो नाही. दोष थोडा आमच्या पाहण्याचाही असेल. तरीही ज्यांनी दिवा लावून ही भिंत राखली, त्यांची ओळख पाहुण्याला पहिल्या दालनातच व्हावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरी वस्ती कारागिरांची. १५६७ च्या गोव्यातील पहिल्या प्रांतिक धर्मसभेने बिगरख्रिस्ती कारागिरांकडून पवित्र वस्तू घडवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, यातच काय ते आले. आपल्या आल्तारावरची चांदी कोणा शेजारच्या सोनाराने घडविली असणार, मूर्तीचे डोळे कोणा सुताराने कोरले असणार. त्यांची नावे बहुधा कोठेच नोंदलेली नाहीत.

येथे आम्हांला सोनगीर आठवले. धुळ्याहून आग्रा रस्त्याने शिरपूरकडे जाताना किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव लागते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी ते प्रसिद्ध. आम्ही तरुण असताना, नव्या धर्मग्रामाचा कारभार हाती येताच, चर्चच्या खोलीतील जुनी पितळी सामग्री मोडीत काढली. सहा मेणबत्तीदाण्या, एक धूपपात्र, एक घंटा. काळवंडलेल्या होत्या, घासायला कोणी तयार नव्हते, आणि विजेच्या मेणबत्त्यांची तेव्हा नवलाई होती. सोनगीरच्या एका वृद्ध तांबटाने वजन करून पैसे दिले. दोनेक वर्षांनी त्या वाटेने जात असता त्याने हाक मारली आणि फळीवरून एक मेणबत्तीदाणी काढून पुढे ठेवली. बाकीचे त्याने वितळविले होते, ही ठेवून घेतली होती. तळाच्या मठारकामावर अंगठा फिरवीत तो म्हणाला, ‘फादर, हाई मोडमा टाकानी वस्तू नई शे.’ ख्रिस्ती उपासनेशी त्याचा काही संबंध नव्हता. पण त्या ठोक्यांवरून घडविणाऱ्याचा हात कसा चालला असेल, डावीकडून की उजवीकडून, हे तो आम्हांला दहा मिनिटे सांगत होता. त्याने पैसे परत घेतले ते मोडीच्याच भावाने.

पेलिकनपुढे उभे असताना तो अंगठा आमच्या डोळ्यांपुढे होता. अशा माणसाला त्या दालनात बोलावून बोलते केले तर? धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९३५ साली सुरू झालेले समर्थ वाग्देवता मंदिर आहे. लिस्बनची तिजोरी त्यांच्या पाठीशी नव्हती. पण तेथे रुमालात बांधलेली पोथी सोडणारा माणूस ती कोणत्या घरातून आली हे सांगू लागतो, आणि पोथीला घर मिळते. सांता मोनिकाच्या चालकांना आमची एवढीच विनंती आहे. वर्षातून एकदा, ख्रिस्तदेहाच्या सणाला, तो पेलिकन पूर्ण बंदोबस्तात काचेबाहेर काढावा, त्यात साक्रामेंत ठेवावे आणि तासभर आराधना व्हावी. त्या तासाला तिकीट नसावे.

आमची ती मेणबत्तीदाणी सध्याच्या धर्मग्रामात आमच्याबरोबर आहे. पुनरुत्थानाच्या जागरणविधीला ती आल्ताराजवळ असते. तिचा एक पाय आखूड आहे. वेदीसेवक मुले त्याखाली गीतपत्रिकेची घडी घालतात.