टेलरचा 'नॉकआउट' आकडा आणि क्रिकेटचा चेंडू

आधी एक छोटा हिशेब करूया. क्रिकेटचा चेंडू धरा १६० ग्रॅमचा, म्हणजे ०.३५ पाउंड. वेग ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १२८ फूट. व्यास २.८३ इंच. तिन्हींचा गुणाकार केला की उत्तर येतं १२७ च्या आसपास.

आता .४७० नायट्रो एक्सप्रेस घ्या. हे हत्तीच्या शिकारीसाठी बनवलेलं, शंभरहून जास्त वर्षं नावाजलेलं काडतूस. त्याची गोळी ५०० ग्रेनची (७००० ग्रेन म्हणजे एक पाउंड), वेग सेकंदाला २१५० फूट, व्यास ०.४७५ इंच. गुणाकार ७३.

म्हणजे या हिशेबाने हत्तीसमोर .४७० घेऊन उभं राहण्यापेक्षा एखादा बरा वेगवान गोलंदाज सोबत नेलेला बरा!

हसू नका. वजन, वेग आणि व्यास यांचा हा गुणाकार म्हणजे जॉन टेलर यांचा 'नॉकआउट आकडा'. मोठ्या जनावरासाठी कुठलं काडतूस घ्यावं या वादात तो आजही हुकमाच्या पत्त्यासारखा टाकला जातो. टेलर मूळचे आयर्लंडचे, आयुष्यातली बरीच वर्षं पोर्तुगीज पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या मोझांबिकमध्ये, हत्तींच्या मागे हिंडलेले. त्यांचं 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस' हे पुस्तक १९४८ साली आलं. माझं संशोधन वेगाने आदळणाऱ्या वस्तू मऊ पदार्थात किती खोल जातात यावर आहे. रायफल मी आयुष्यात हातात धरलेली नाही आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरत नाही. पण माझ्या विषयातली जुनी निरीक्षणं शोधताना शिकाऱ्यांची पुस्तकं वाचावीच लागतात, आणि त्यात हे पुस्तक टाळता येत नाही.

आधी टेलरची बाजू. त्या काळी दारूगोळ्याच्या कंपन्या गतिज ऊर्जेचे आकडे छापत. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे हलकी पण वेगवान गोळी कागदावर भलतीच भारी दिसते. टेलरचा अनुभव वेगळा होता. हत्तीच्या डोक्यावर झाडलेली गोळी मेंदूला थोडक्यात चुकली, तर जाड गोळीने हत्ती काही वेळ सुन्न होऊन खाली बसतो आणि दुसरी गोळी झाडायला उसंत मिळते. बारीक गोळीने तो वळतो आणि एकतर पळतो, नाहीतर तुमच्या अंगावर येतो. हा फरक ऊर्जेच्या तक्त्यात दिसत नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःचा तक्ता केला. आणि हा आकडा मारक शक्ती दाखवत नाही, जाड हाडांच्या जनावराला बसणाऱ्या ठोशाची फक्त तुलना करतो, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. हे वाक्य नंतरच्या लोकांनी सोयीस्करपणे गाळलं.

निरीक्षण खरं असेल, पण त्याचं स्पष्टीकरण टिकत नाही. 'ठोसा' म्हणजे काय ते बघा. .४७० च्या गोळीचा संवेग साधारण २१ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. तो सगळाच्या सगळा पाच टनांच्या हत्तीला दिला, तर हत्तीला वेग मिळतो सेकंदाला चार मिलिमीटर. मुंगी याहून जोरात चालते. उलट तेवढाच संवेग (वायूंचा धरला तर जास्तच) पाच किलोच्या रायफलला मिळतो आणि ती सेकंदाला चार मीटरहून अधिक वेगाने तुमच्या खांद्यावर येते. आडवं कुणी व्हायचंच असेल, तर न्यूटनच्या मते त्यात पहिला नंबर शिकाऱ्याचा. हत्ती कोसळतो तो मज्जासंस्थेला इजा झाली म्हणून, ढकलला गेला म्हणून नाही.

गुणाकाराची एककं तर अजूनच मजेशीर आहेत. पाउंड गुणिले फूट प्रति सेकंद गुणिले इंच म्हणजे संवेग गुणिले लांबी. ही कोनीय संवेगाची मिती झाली, प्लांकच्या स्थिरांकाची मितीसुद्धा हीच. हत्तीच्या कवटीशी तिचा काय संबंध, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

पण माझी खरी तक्रार एककांबद्दल नाही. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारतच नाही: गोळी पोचते का?

गोळी किती खोल जाईल हे ठरवणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे वजन भागिले व्यासाचा वर्ग. याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. दाभण आणि बोथट खिळा सारख्याच जोराने पोत्यात खुपसून बघा, मुद्दा लगेच कळेल. टेलरच्या सूत्रात व्यास गुणाकारात आहे. इथे तो भागाकारात आहे, तोही वर्ग होऊन. म्हणजे वजन आणि वेग तेच ठेवून गोळी जाड केली, तर टेलरचा आकडा वाढतो आणि प्रत्यक्ष खोली कमी होते! क्रिकेटचा चेंडू जिंकतो तो याच वाटेने.

आता डब्ल्यू. डी. एम. बेल यांच्याकडे या. त्यांनी हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बहुतेक .२७५ रिग्बीने, म्हणजे ७ मिलिमीटरच्या बारीक काडतुसाने. (चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची.) टेलरच्या हिशेबाने १७३ ग्रेनच्या त्या गोळीचा आकडा जेमतेम १६, आणि .३७५ हॉलंड अँड हॉलंडच्या ३०० ग्रेन गोळीचा ४०. पण सेक्शनल डेन्सिटी काढा: पहिलीची ०.३०६, दुसरीची ०.३०५. .४७० ची ०.३१७. बेल न पसरणारी, पूर्ण धातूचं कवच असलेली गोळी वापरत. ती सरळ आत जाई आणि मेंदूपर्यंत पोचे. मेंदू नेमका कुठे असतो हे बघायला त्यांनी हत्तीच्या कवट्या करवतीने कापल्या होत्या. संशोधक म्हणून मला हा माणूस टेलरपेक्षा जवळचा वाटतो, हत्तींच्या संख्येने पोटात गोळा येत असला तरी.

म्हणून मोठ्या जनावरासाठी ७ मिलिमीटर पुरे का? नाही. बेल निवांत, न बिथरलेल्या कळपावर, स्वतः निवडलेल्या कोनातून गोळी झाडत. टेलर बोलत होते ते दाट झुडपात दहा पावलांवर बिनसलेल्या प्रसंगाबद्दल. तिथे व्यासाला महत्त्व आहे, पण आत पोचल्यानंतर. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनी धोकादायक जनावरांसाठी किमान .३७५ ची अट घातली आहे, ती मला रास्त वाटते.

एकाच आकड्यावर विसंबण्याची किंमत काय असते, ते .४५८ विंचेस्टर मॅग्नमने दाखवलं. हे १९५६ साली आलं. छापील वेग २१३० फूट, टेलरचा आकडा जवळजवळ ७०, म्हणजे .४७० च्या तोडीस तोड आणि रायफल मात्र स्वस्त. अडचण होती ती आखूड पुंगळीची. एवढी दारू मावावी म्हणून ती आत दाबून भरावी लागे. तिचे गठ्ठे होत, जळण नीट होईना, आणि काही काडतुसांचा वेग २००० फुटांखाली घसरे. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये जॅक लॉट यांना केप बफेलोने जबर जखमी केलं, तेव्हा त्यांच्या हातात .४५८ होती. पुढे १९७१ मध्ये त्यांनी पुंगळी अडीच इंचांवरून २.८ इंच केली आणि तीच गोळी सुमारे २३०० फुटांवर नेली. तेच .४५८ लॉट.

गंमत बघा: वेग १९५० वर घसरलेल्या .४५८ चा टेलर-आकडा तरीही ६४ येतो. उत्तम नाव असलेल्या .४१६ रिग्बीचा ५८. म्हणजे काडतूस रानात दगा देत होतं, आणि तक्ता म्हणत होता, सब ठीक है.

जाता जाता: .४७० हा व्यास तरी कुठून आला? भौतिकशास्त्रातून नाही, आपल्याकडून. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० च्या काडतुसांवर बंदी घातली. बंडखोरांच्या हाती लागलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलींना या गोळ्या चालतील, ही भीती. मग बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी चुलत भावंडं काढली. टेलरच्या तक्त्यातल्या कितीतरी ओळी म्हणजे सरकारी हुकुमाला काढलेली पळवाट आहे.

मग टेलरचा तक्ता इतकी वर्षं चालला कसा? कारण त्यातल्या मोठ्या काडतुसांच्या गोळ्या साधारण एकाच घडणीच्या, आणि बहुतेकांची सेक्शनल डेन्सिटी ०.३०५ ते ०.३४ च्या आत. खोली जवळपास सारखी असेल, तर व्यासानुसार लावलेला क्रम बऱ्यापैकी बरोबरच येणार. घराण्याबाहेरची गोळी आणा, की तक्ता कोलमडतो.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही असाच एक निर्देशांक बनवला होता. तीन राशींचा गुणाकार, आलेख सुंदर सरळ. गाइडनी एकच विचारलं, "याचं एकक काय गं?" माझे सगळे नमुने एकाच जेलचे होते. म्हणून टेलरवर मला फार रागावता येत नाही.

पुस्तक मात्र जरूर वाचा. उन्हात तापलेल्या काडतुसांचा वाढणारा दाब, दुसरी गोळी किती चटकन झाडता येते, जड रायफल दिवसभर कोण वाहणार, या गोष्टी टेलरनी अनुभवातून लिहिल्यात. आणि इतर प्रकरणांत ते मनापासून कौतुक कुणाचं करतात? ४० गुणवाल्या .३७५ चं.